बसणाऱ्याची बाजू

गाडी चालवणाऱ्याची बाजू घेणारी माणसं जगात पोत्यानं सापडतील. त्याच्या शेजारी निमूट बसणाऱ्याची बाजू घेऊन आयुष्यभर भांडणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा साडू निघाला याचा मला भलता अभिमान आहे. सासुरवाडीची मंडळी या अभिमानाला हसतात. हसोत बापडी. त्यांतल्या निम्म्यांच्या कमरा साडूंनीच वाचवल्या आहेत, आणि उरलेल्यांनाही कधी ना कधी त्यांच्याच दारात यावं लागणार आहे.

नांदेडला त्यांचं कुशनचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, त्यात रेक्झिनचे तागे, फोमच्या लाद्या, एक शिलाई मशीन आणि या सगळ्यांवर डाफरणारे साडू. रिक्षापासून ट्रॅक्टरपर्यंत त्यांनी कशाचीही सीट बांधली, पण त्यांचा खरा दावा होता तो जमिनीला पोट घासत जाणाऱ्या स्पोर्ट्स गाड्यांशी. आमच्या नांदेड-लातूरकडे असल्या गाड्या किती असणार? बोटांवर मोजण्याइतक्या. पण त्यातली एखादी रस्त्यानं गेली की सगळा बाजार गाडीकडे बघायचा आणि साडू डाव्या सीटवर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघायचे. "बघा, बघा, हसून राहिलंय," ते मला कोपरानं ढोसत म्हणायचे, "पन डावा पाय मेलाय त्याचा. पैज लावा."

त्या सीटा बनवणाऱ्यांबद्दल त्यांचं मत छापण्याजोगं नाही. आत जायचं म्हणजे आधी वाकायचं, मग स्वतःला खड्ड्यात लोटून द्यायचं, मग गुडघे छातीशी, पाठ आडवी आणि दोन्ही बाजूंच्या उंच कडा मांड्यांना चिमटे काढताहेत अशा अवस्थेत "वा, काय गाडी आहे!" म्हणायचं. वळणावर माणूस सरकू नये म्हणून त्या कडा असतात, असं एका मुलानं त्यांना मोठ्या समजुतीनं सांगितलं. साडूंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "शर्यतीत पळवतो का तू ही?" मुलगा नाही म्हणाला. "मंग? आईला दवाखान्यात न्यायला कडा कशाला पायजेत?" मुलगा गाडी ठेवून गेला.

नांदेडच्या एका तरुण डॉक्टरांनी हौसेनं त्यांना आपल्या पिवळ्या गाडीतून लातूरच्या रस्त्यावर फिरवून आणलं. आपण केवढ्या वेगानं आलो हे सांगताना डॉक्टरांचे डोळे चमकत होते. कसं वाटलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा साडू दाराला धरून हळूहळू बाहेर येत होते. "मला काय म्हाईत, डॉक्टरसाब? मी खाली मांडीकडं बघून राहिलो होतो. चालवनाऱ्याला धरायला स्टिअरिंग तरी हाय. शेजारचं काय धरतंय? जीव मुठीत." आठ दिवसांत ती डावी सीट त्यांच्या मशीनवर होती. हैदराबादच्या शोरूममधल्या साहेबानं फोनवर धमकी दिली, की सीटला हात लावलात तर वॉरंटी संपली. साडूंनी डॉक्टरांच्या हातातून फोन घेतला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "वॉरंटी गाडीला हाय ना? कमरेला कोन देतंय, ते सांगा आधी!" तिकडून फोन बंद झाला. हा आपला विजय झाला, असं साडू अजून मानतात. मीही मानतो.

आता कुणाला वाटेल, की ते नुसता फोम कोंबून सीट मऊ करत असतील. तसं त्यांच्यासमोर म्हणू नका. "मऊ म्हंजे आराम न्हाई, गुर्जी," असं त्यांनी मला शंभरदा ऐकवलं आहे (मी शाळामास्तर होतो, म्हणून त्यांचा 'गुर्जी'). "मऊ गादीवर दोन घंटे बसून बघा. तिसऱ्या घंट्याला खालची फळी वर भेटायला येती." ते कडा उतरवायचे, बैठक टणक फोमच्या थरांनी दोन बोटं वर घ्यायचे, त्याहून वर नाही, नाहीतर डोकं छताला लागतं. कमरेच्या खोलगटीत उशी शिवायचे. सीटबेल्टच्या पट्ट्याला आणि सीटमधल्या एअरबॅगच्या तारांना मात्र हात लावायचे नाहीत. "ते जीव वाचवायचं काम हाय, ते त्यांचं त्यांना करू द्या," एवढा एकच मान त्यांनी कंपनीला आयुष्यात दिला.

आणि त्यांचा एक कायदा होता. दुकानावर पाटी होती: 'बसणारा माणूस सोबत आणावा.' बसणाऱ्याचं माप घेतल्याशिवाय ते सुईत दोरा ओवत नसत. मापाची रीतही त्यांचीच. एक अर्धं भरलेलं ज्वारीचं पोतं होतं. त्यावर गिऱ्हाइकानं एक कप चहा संपेपर्यंत बसायचं आणि अलगद उठायचं. मग साडू डोळे मिटून त्या खळग्यात तळवा फिरवायचे, आणि कुठल्या बाजूला भार पडतो, कुठलं हाड दुखतं, सगळं सांगायचे. तिथल्या तिथे जुन्या वर्तमानपत्राचा फर्मा कापायचे, त्यावर नाव लिहायचे आणि तो भिंतीवरच्या खिळ्यात टोचायचे. "मानूस म्हनतंय बरं हाय, बरं हाय. जवारी खोटं बोलत न्हाई." भोकरच्या एका पठ्ठ्यानं होणाऱ्या बायकोचं माप म्हणून चोरून स्वतःच्या बहिणीला पोत्यावर बसवलं आणि सीट बांधून नेली. लग्नानंतर नवरी त्या सीटवर बसली, इकडून तिकडे सरकली आणि तिनं थंडपणे विचारलं, की याआधी इथे कोण बसत होतं? त्या घरातलं भांडण मिटवायला साडूंना पोतं खांद्यावर टाकून भोकरला जावं लागलं. तेव्हापासून कायदा आणखी कडक झाला.

या सगळ्याला विक्षिप्तपणा म्हणणाऱ्यांना मी एक गोष्ट सांगतो. ताईंची, म्हणजे साडूंच्या पत्नीची, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीची. त्यांची कंबर फार दुखायची. हैदराबादच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं, तेव्हा पुण्याचा भाचा आपली नवी बसकी गाडी घेऊन हजर झाला. गाडीत दोनच सीटा. ताई त्याच्या शेजारी, साडू मागून बसनं. दवाखान्याच्या दारात साडूंनी विचारलं, "कशी आलीस?" ताई म्हणाल्या, "आले की नीट बसून." पोराचं मन मोडू नये म्हणून म्हणाल्या. आत गेल्यावर त्यांना सरळ उभंही राहता येईना. घरी आल्यावर साडूंनी त्यांना ज्वारीच्या पोत्यावर बसवलं. ताई आधी पोत्याच्या पाया पडल्या आणि मगच बसल्या. डाव्या हातावर भार देऊन त्या उठल्या तेव्हा खळगा सगळा एका अंगाला होता. साडूंनी फर्मा कापला. कुठल्याही गाडीत चालेल अशी सीट तुला करून देतो, म्हणाले. पण ताईंना पुन्हा कुठे जायचंच झालं नाही. त्या वर्षीच त्या गेल्या, आणि त्यांचा फर्मा त्या खिळ्यावर सगळ्यांत मागे राहिला.

तर असा कायदा, आणि तो मोडण्याची वेळ माझ्यामुळेच आली.

मी उदगीरला शिकवत असताना माझ्या वर्गात असलेला एक मुलगा आज तिथल्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मोठा अडत्या आहे. तो लहान असताना बाप गेला. त्याच्या आईनं, सगळे तिला अव्वा म्हणतात, गळ्यातलं इष्टलिंग सांभाळत स्वतः अडतीवर बसून धान्य विकलं. मालाच्या ट्रकबरोबर गावोगाव जायची, तेव्हा पोराला मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या तापलेल्या पेटीवर बसायची. त्या पेटीवर तिची कंबर गेली ती गेलीच. पोरानं तेव्हाच मनात धरलं होतं, की एक दिवस सगळ्यांत भारी गाडी घ्यायची आणि शेजारी पहिली अव्वा बसवायची. घेतली. लालभडक. अव्वा सगळ्या मोंढ्यासमोर तिच्यात बसायला गेली आणि अशी आत रुतली, की तिला काढायला तिघे लागले. लोक हसले. अव्वा बाहेर येऊन लुगडं झटकत म्हणाली, "मेल्यावर न्या मला असं आडवं करून. जित्तेपनी मी बसूनच जानार." घरात दुसरी मोठी गाडी होती, अव्वा तिच्यातून हिंडायची. पण लाल गाडीतली ती जागा रिकामीच राहिली. तिथे पोरगा बायकोलाही बसू देईना. शेवटी तो माझ्याकडे येऊन रडकुंडीला आला. "गुरुजी, अव्वा बसत नसंल तर मी इकूनच टाकतो गाडी."

मी त्याला साडूंकडे धाडलं. गाडी नांदेडला आली, पण अव्वा काही माप द्यायला यायला तयार नाही. मग साडू स्वतः निघाले. कंधारमार्गे जाणाऱ्या एसटीत आम्ही दोघं आणि मांडीवर ते अर्धं पोतं. कंडक्टरनं लगेजचं तिकीट मागितलं तेव्हा साडू म्हणाले, "हे सामान न्हाई, हे माझं मोजायचं मशीन हाय." तिकीट फाडावंच लागलं.

उदगीरला, वाड्यात नव्हे, साध्या सिमेंटच्या घराच्या ओट्यावर अव्वा बसली होती. साडूंनी पोतं ठेवलं, थापटलं आणि म्हणाले, "बसा, आई. च्या हुईस्तोवर."

अव्वानं पोत्यात बोट घालून बघितलं. तिचा चेहरा बदलला. "जवारी हाय ही?"

"हाव. नवी जवारी."

"शिव शिव! हिच्यावर बसू? हिनं माझं घर चालवलं, हिनं हे लेकरू वाढवलं. तुमी येडे हाव का? अन्नावर कोन बसतंय?"

साडूंनी वाद घातला. पोतं जाड आहे, दाणा अंगाला लागत नाही, ही ज्वारी ते खात नाहीत, मापासाठीच ठेवली आहे. अव्वा ऐकेना. वाळू आणा, म्हणाली. साडू म्हणाले, वाळूला कळत नाही. अव्वा म्हणाली, जवारीला कळतं म्हणूनच नाही बसत. दोघंही एकापेक्षा एक हट्टी. मी मध्ये बोलून बघितलं, तर दोघांनी मिळून मलाच गप्प केलं. शेवटी अव्वा डाव्या हातावर भार देऊन, ओठ आवळून उठली आणि आत निघून गेली. साडू तिच्या त्या उठण्याकडे बघत राहिले. परतीच्या बसमध्ये त्यांनी पोतं मांडीवरून खाली ठेवलं नाही. नांदेड आल्यावर एवढंच म्हणाले, "आमची बी पाया पडूनच बसली होती, गुर्जी. मीच इसरलो."

आता काम होत नाही असं त्या मुलाला कसं सांगायचं, या विचारात मी लातूरला घरी परतलो. आणि आठ-दहा दिवसांनी साडूंचा फोन आला: सीट तयार आहे, अव्वाला आणा.

"पण माप?" मी विचारलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

अव्वा मोठ्या गाडीतून आली, तीसुद्धा "नुसती बघते" या अटीवर. बाजूच्या दुकानांतली माणसं मजा बघायला जमलीच होती. साडू त्यांच्यावर खेकसले, "इथं काय सर्कस हाय? चला, आपापल्या गल्ल्यावर बसा!" मग त्यांनी गाडीचं दार उघडलं. दाराशी धरायला एक जाड पट्टा शिवला होता. अव्वानं तो धरला, आधी पाठमोरी टेकली, मग पाय एकामागोमाग आत घेतले आणि बसली. सरळ बसली. कुणी हसलं नाही. तिनं मागे टेकून बघितलं आणि कमरेमागच्या उशीवर हात फिरवला. पोरगा माझ्या शेजारी उभा होता, गाडीची किल्ली या हातातून त्या हातात करत.

"माझं माप न्हाई घेतलं तुमी," ती म्हणाली. "मंग ही कुनाच्या मापाची?"

"आमच्या घरातल्यांच्या," साडू म्हणाले.

"त्यांची बी कंबर दुखायची?"

"लई."

"मंग त्या कशात बसत्यात आता?"

साडूंनी दाराच्या कडेवरची नसलेली धूळ पुसली. "न्हाईत त्या."

मी दुकानाच्या भिंतीकडे बघितलं. खिळ्यावर सगळ्यांत मागे असायचा तो पिवळा पडलेला कागद तिथे नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

अव्वानं सीटच्या कडेला बोटं टेकवली आणि ती कपाळाला लावली. "सांभाळून बसंन मी," ती म्हणाली आणि पोराकडे वळली. "बघत काय ऱ्हायलास? चल की. अन् हळू चालव."

लाल गाडी हळू निघाली. इतकी हळू, की एक सायकलवाला तिला मागे टाकून गेला. वळणावर अव्वानं खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. शहाण्यासुरत्या माणसानं अशा वेळी आत जाऊन पाणी प्यावं, पण साडू भर उन्हात रस्त्याच्या मधोमध उभे होते आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षांना थांबायला सांगत होते. गाडी दिसेनाशी झाली. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"गेली," ते म्हणाले. "या खेपेला खरंच नीट बसून गेली."