कपाटावरची पाटी

आमच्या वाचनालयात चित्रपुस्तकांच्या कपाटावरसुद्धा ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे. काल तिच्याखाली दोन मुली एकाच पुस्तकावर ओणवल्या होत्या. एक आमच्या गल्लीतली सई. दुसरी नुकतीच विजापूरहून आलेली. मराठी येत नाही म्हणून कुणाशीच न बोलणारी.

सईने चित्रावर बोट ठेवलं. “हत्ती.”

नवी मुलगी पहिल्यांदाच बोलली, तेही कानडीत, “आने.”

“शूऽऽ, पाटी दिसत नाही?” ग्रंथपालबाई म्हणाल्या. नव्या मुलीने पुस्तक मिटलं.

माझं डोकंच फिरलं. एवढी शांतता स्मशानातही नसते. मी खुर्ची करकर ओढली, पुस्तक उघडलं, हत्तीच्या तोंडाकडे बोट केलं आणि भर सभेतल्या आवाजात विचारलं, “आमचा आने काय खातोय?”

“काका, तुम्हीसुद्धा?” बाई म्हणाल्या.

नव्या मुलीने सोंडेतल्या उसावर बोट ठेवलं आणि माझ्याहून मोठ्याने सांगितलं, “कब्बु.”