हरणाऱ्याच्या बाजूने

सप्टेंबर लागला की शनिवारी संध्याकाळी मी कुणाचं बोलावणं घेत नाही. तसं बोलावणं फारसं येतही नाही म्हणा. दुबईत आठ वाजतात तेव्हा अमेरिकेत माझ्या युनिव्हर्सिटीच्या गावात भर दुपार असते आणि आमच्या टीमची फुटबॉलची मॅच सुरू होते. फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो नव्हे. हेल्मेट घालून, लांबट चेंडू छातीशी धरून, एकमेकांवर आदळत खेळतात तो. हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय की आता कुणी विचारलं तर "क्रिकेट बघतोय" असंच सांगतो.

मी तिथे दोनच वर्षं होतो, एमएस करायला. गाव एवढंसं, चारी बाजूंना मका. पण त्या गावातलं स्टेडियम गावापेक्षा मोठं. शनिवारी आजूबाजूच्या शंभर मैलांतली माणसं लाल कपडे घालून यायची. म्हातारे, तान्ही पोरं, कुत्रीसुद्धा लाल. मला त्या देशात कुणी विचारत नव्हतं, पण त्या लाल गर्दीत माझ्या शेजारचा अनोळखी माणूस आमच्या टीमने पॉइंट मिळवले की मला मिठी मारायचा. दोन वर्षांत मला तिथे ज्या मिठ्या मिळाल्या त्या सगळ्या फुटबॉलच्या.

नंतर नोकरी लागली नाही, व्हिसा संपला आणि मी जबल अलीला एका वेअरहाऊस कंपनीत लागलो. दोन वर्षांसाठी म्हणून आलो होतो. इथेच लग्न झालं, अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये मुलगी मोठी झाली. तिला पुण्यात ॲडमिशन मिळाली तेव्हा बायकोही तिच्यासोबत गेली, कारण सासूबाईंचंही वय झालं होतं. एकट्यासाठी कशाला मोठा फ्लॅट, म्हणून मी इंटरनॅशनल सिटीत एक खोली घेतली. हॉलमध्ये दोघा फ्लॅटमेट्सचा टीव्ही असतो. मी आपला खोलीचं दार लावून पलंगावर लॅपटॉप उघडून बसतो.

या खेळाबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि ती ऐकायला कुणी नसल्यामुळे आणखीच ठाम होत गेली आहेत. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. चौथाही फसला तर चेंडू तिथेच समोरच्यांना मिळतो, म्हणून तीन फसले की बहुतेक कोच चौथ्याला चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्यांना देऊन टाकतात. मला हा निव्वळ भ्याडपणा वाटतो. थोडकंच अंतर उरलं असेल तर घुसा ना! आमचा कोच कधीच घुसत नाही. दुसरं, हल्ली पोरं दरवर्षी कॉलेज बदलतात. ज्याच्या नावाने मी मागच्या वर्षी ओरडलो तो या वर्षी समोरच्या टीममधून आमच्यावर धावून येतो. त्यांना आता पैसे मिळतात हे चांगलंच आहे, पोरं हाडं मोडून घेतात. पण मग कॉलेजच्या रंगाला काय अर्थ उरला, हे मला कुणाला तरी विचारायचं असतं.

बेसबॉलची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या शेवटच्या दिवसांत एका इंटरव्ह्यूसाठी मी पश्चिम किनाऱ्यावर गेलो होतो. इंटरव्ह्यू वाईट झाला. परतीच्या बसला वेळ होता म्हणून सगळ्यात स्वस्त तिकीट काढून तिथल्या स्टेडियममध्ये जाऊन बसलो. जुनं, कळकट, अर्धं रिकामं. मागच्या बाकांवर काही लोक ढोल बडवत होते. शेजारी एक म्हातारी बाई होती. तिने शेंगांची पिशवी माझ्यापुढे धरली आणि न विचारता मला खेळ समजावत राहिली. मधूनच उठून अंपायरला अशा शिव्या द्यायची की मी दचकायचो. "इथं उत्तमातला उत्तम बॅट्समनही दहातल्या सात वेळा फुकट जातो," ती म्हणाली, "म्हणून तर मला हा खेळ आवडतो." त्या दिवशी टीम हरली. मी मात्र कायमचा त्या टीमचा झालो.

तिकडच्या संध्याकाळच्या मॅचेस इकडे सकाळी सहाला असतात, बरोबर माझ्या कंपनी बसच्या वेळी. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत मी कानात रेडिओ कॉमेंट्री लावून जबल अलीला जायचो. आजूबाजूचे सगळे माना टाकून झोपलेले. मी मध्येच मूठ आवळायचो नाहीतर कपाळावर हात मारायचो. आमचा केरळी ड्रायव्हर आरशातून बघायचा. एकदा त्याने विचारलंच, "क्या साब, शेअर में पैसा डूबा?" मी हो म्हटलं. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

असं चाललं होतं आणि एका सप्टेंबरात मी ड्रॅगन मार्टला गेलो, चपलांसाठी रॅक घ्यायला. तिथे नळ आणि दारांच्या मुठी विकणाऱ्या एका दुकानात साठीच्या पुढचा एक माणूस स्टुलावर बसला होता आणि त्याच्या अंगात माझ्या युनिव्हर्सिटीचं लाल जाकीट होतं. छातीवर तेच अक्षर. माझा विश्वासच बसेना. आमच्यात एकाने आरोळीचा पहिला शब्द ओरडायचा आणि दुसऱ्याने पुढचा, अशी रीत आहे. मी दुकानाच्या दारात उभा राहून तो शब्द चक्क ओरडलो.

तो माणूस स्टुलावरून उठला. "क्या हुआ? क्या चाहिए?"

मी जाकिटाकडे बोट दाखवलं, स्टेडियम, फुटबॉल, काय काय बोललो. त्याने मला पाणी दिलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो कुणाशी तरी कोकणी वळणाच्या मराठीत बोलू लागला. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "तुम्ही मराठी?"

"रत्नागिरीकडचा. खाडीकाठचा गाव आमचा. तू रं?"

"साताऱ्याचा."

"मग मघापास्नं हिंदीत कशाला भांडत होतास?" तो हसला. "हा जाकीट होय? सेलमदी घेतला. पंधरा दिरहम, मंजे साडेतीनशे रुपये. एसी लय थंड हाय हितला. काय लिवलाय ह्यावर?"

मी सांगितलं. कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला आख्खा जिल्हा लोटतो हे त्याला खरं वाटेना. "दाखव मना एकदा," तो म्हणाला. मला वाटलं, बोलायची गोष्ट. पण शनिवारी तो खरंच आला, हातात तळलेल्या बांगड्यांचा डबा घेऊन. वयाने मोठे म्हणून मी त्यांना चाचा म्हणू लागलो. त्यांची बायको, सून आणि नातवंडं गावी होती, मुलगा मुंब्र्याला. आखातात त्यांची उभी हयात गेली होती.

चाचांना खेळाचे नियम कधीच कळले नाहीत. मी यार्ड समजावायचो, ते बांगड्याचा काटा काढत "हां हां" म्हणायचे. पण त्यांनी दोन-तीन शनिवारांत आपली स्वतःची भाषा बनवली. जो चेंडू फेकतो, सगळ्यांना हुकूम सोडतो, तो त्यांचा तांडेल, होडीचा कप्तान. त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहणारे धिप्पाड गडी म्हणजे खलाशी. "तांडेल भ्याला बघ," ते ओरडायचे, आणि पुढच्या क्षणी तांडेल खरंच जमिनीवर आडवा झालेला असायचा.

चौथ्या प्रयत्नाबद्दलचं माझं मत मी त्यांना मोठ्या आशेने ऐकवलं. त्यांनी मान हलवली. "वारा उलटा आला का जाळा ओढून घ्यायचा नि गुमान घरी यायचा. तुझा कोच शाना हाय."

"चाचा, हे मासे पकडणं नाहीये."

"मग काय हाय?"

आम्ही यावर पुष्कळ वेळ भांडलो. इतक्या वर्षांत माझ्या मताला कुणी विरोध केला नव्हता, कारण ते कुणी ऐकलंच नव्हतं. त्या रात्री मला फार गाढ झोप लागली.

त्यांची एक सवय मात्र मला सोसायची नाही. ते नेहमी हरणाऱ्याच्या बाजूने असायचे. आमची टीम पुढे गेली की चाचा समोरच्यांचे. समोरचे पुढे गेले की आमचे.

"आपली टीम लाल आहे, चाचा! जाकीट कुठलं घातलंय बघा तरी."

"जाकीट थंडीचा हाय. मी हरनाऱ्याचा."

नोव्हेंबरच्या अखेरीला शेजारच्या राज्याशी आमची मॅच असते. वर्षभरातल्या बाकी सगळ्या हरलो तरी चालेल, पण ही जिंकायची, असा तिथला दंडक. आम्ही बरेच पुढे होतो. साहजिकच चाचा शेजाऱ्यांचे झाले, आणि अर्धवट गमतीने हात पसरून त्यांच्यासाठी दुवा मागू लागले. शेजाऱ्यांनी एकेक करत सगळं भरून काढलं आणि शेवटच्या क्षणाला जिंकले. मी लॅपटॉप मिटला. चाचांचं तोंड इतकं पडलं की मलाच त्यांचं वाईट वाटलं.

"माझ्या दुव्यान झाला का रं हा?"

"नाही हो. कोच भित्रा आहे."

तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातल्या माणसाकरवी बिर्याणी पाठवली, तीन माणसं जेवतील एवढी.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या बेसबॉल टीमचं ते झालं. कुजबुज बरीच वर्षं होती, आता पक्कं ठरलं: मालकाने टीम उचलून दुसऱ्या शहरात न्यायचं ठरवलं होतं. गावाने निदर्शनं केली, लोक मुद्दाम गर्दी करून मॅचला गेले, "टीम विका" म्हणून एका सुरात ओरडले. काही उपयोग झाला नाही. मी सकाळच्या बसमध्ये ते ओरडणं कानात ऐकायचो. बाहेर शेख झायेद रोड पांढऱ्या उन्हात मागे पळत असायचा. ती शेंगावाली म्हातारी जिवंत असेल का, असेल तर आता कुणाला शिव्या देत असेल, असं मनात यायचं.

मुलीला फोनवर सांगितलं. ती दुबईत वाढलेली, माझ्याशी इंग्रजीतच बोलते. "बाबा, इट्स ओके. जस्ट पिक अनदर टीम," ती म्हणाली. तिचं चुकलं नव्हतं. आमच्या अल कुसैसच्या बिल्डिंगमधल्या तिच्या निम्म्या मैत्रिणी कॅनडाला गेल्या, ती आता दुसऱ्या मैत्रिणींमध्ये रमली आहे. तिला दर दोन वर्षांनी नवं काही निवडायची सवय झाली होती. मला ती कधी झाली नाही.

चाचांना सांगायला मी दुकानावर गेलो. वाटलं होतं, हरणाऱ्यांचा हा माणूस, याला तरी पोचेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मालकाचा माल. तो नेईल तिकडं जाईल," ते म्हणाले.

"पण गावाचं काय? लोक तीन-तीन पिढ्या जात होते तिथे."

ते नळांच्या खोक्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हा दुकान पन बंद होतोय. शेठ शारजाला मोठा गोडाऊन घेतोय. मना बोलला, चाचा, आता आराम करा. व्हिसा खलास."

"कधी?"

"पुढल्या महिन्यात. इन्शाल्ला."

त्यांच्या त्या 'इन्शाल्ला'त आनंद होता की नव्हता, मला सांगता येणार नाही. मी टीमचं रडगाणं घेऊन गेलो होतो, ते पुढे काढलं नाही. आम्ही चहा प्यायलो. त्यांनी मला दाराच्या दोन मुठी भेट दिल्या. माझ्या भाड्याच्या खोलीला त्यांचा काय उपयोग, पण घेतल्या.

मी सुट्टी टाकून त्यांना एअरपोर्टवर सोडायला गेलो. सामान फार नव्हतं. एवढ्या वर्षांनी जाणाऱ्याचं सामान जास्त असेल अशी माझी समजूत होती. आत जाताना त्यांनी माझा खांदा दाबला. "शनवारी फोन करीन. कोन हरतोय ता सांग."

त्यांनी केला. पहिल्या शनिवारी व्हिडिओवर खाडी दाखवली, मागे नातवंडांचा गोंगाट. "कोन हरतोय?" मी म्हटलं, "आपणच." "मग मी आपला!" ते ओरडले आणि आम्ही दोघं हसलो. दुसऱ्या शनिवारी रेंज नव्हती, आवाज तुटत राहिला. तिसऱ्या शनिवारी मी फोन केला तर सूनबाईंनी उचलला. "अब्बा होडीवर गेलेत. त्यांनी भागीदारीत होडी घेतलीय ना. आले की सांगते." सांगितलं असेल. माणूस इतक्या वर्षांनी घरी गेला आहे, त्याने दर शनिवारी माझी आठवण का ठेवावी? मीही पुन्हा फोन करायला कचरू लागलो.

नोव्हेंबर आला. शेजारच्या राज्याशी मॅच. शेवटच्या मिनिटांत आम्ही मागे होतो, चौथा प्रयत्न, एका यार्डाहून कमी अंतर. मी लॅपटॉपसमोर उभाच राहिलो होतो. आणि आमच्या त्या भित्र्या कोचने चक्क घुसायचा हुकूम दिला! सगळे धिप्पाड गडी एकमेकांवर पडले, तो ढीग हळूहळू सुटला आणि तळाशी चेंडू रेषेच्या पलीकडे निघाला. थोड्याच वेळात आम्ही जिंकलो. तिकडे लाल गर्दी मैदानात उतरली, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. मी खोलीत दोन्ही हात वर करून उभा होतो. मग हात खाली घेतले. पुण्यात सगळे झोपलेले असणार. चाचांचा नंबर काढला, बघितला आणि फोन चार्जिंगला लावला.

रविवारी सकाळी खाली कॅफेटेरियात गेलो. काउंटरवरचा मल्याळी माणूस माझा कडक चहा ओतत होता. मला राहवेना.

"हमारा टीम जीत गया," मी म्हटलं.

त्याने मान वर केली. "अच्छा? किसके साथ था? पाकिस्तान?"

त्याचा चेहरा खरोखर उजळला होता.

"हां," मी म्हणालो.

"मबरूक, मबरूक!" त्याने काउंटरवरून हात पुढे केला आणि माझा हात जोरजोराने हलवला. मागे दोन टॅक्सीवाले पराठ्याची वाट बघत उभे होते. मी चहाचा कागदी कप उचलला, बाजूला झालो आणि बाहेर भिंतीला टेकून, जपून, तो शेवटपर्यंत प्यायलो.