पाबळ ते केडगाव, एकटी

नवऱ्याने शहरातून पाबळला गाडीने आणून सोडलं तेव्हा एकच अट घातली होती. वाटेत काही झालं तर फोन करायचा, तो गाडी घेऊन येणार, आणि त्यानंतर एकटीने पायी हिंडायचं नावसुद्धा काढायचं नाही. मी चोपन्न वर्षांची, गुडघे शाबूत, स्वभाव हट्टी. म्हटलं, ठीक. दोन दिवसांत केडगाव स्टेशन गाठून दाखवते.

पहिला दिवस माळरानाचा. मोज्यांत कुसळं, बाभळींची तोकडी सावली. बांधावर भेटेल तो विचारी, "एकट्याच?" होय म्हणून म्हणून तोंड दुखलं. मुक्काम मैत्रिणीच्या माहेरी केला. जेवायला शेंगोळी (हुलग्याच्या पिठाचे वळलेले तुकडे घातलेला झणझणीत रस्सा) होती. दोनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी भीमेच्या अंगाने ऊस सुरू झाला, दोन्हीकडे डोक्याहून उंच. एक मोटारसायकलवाला थांबला. "सोडू का?" नको म्हटलं. तो पुढे गेला, वळून आला आणि माझ्या चालीने गाडी चालवू लागला. "मुक्काम कुठं हाय?" मी घाबरले, खोटं कशाला सांगू? तो जरा पुढे सरकला तशी मी रस्ता सोडला आणि उसाच्या कडेला बांधाआड वाकून बसले. दिसायचं नाही, हे माझं शहरातलं शहाणपण.

"ओ ताई, हुब्या ऱ्हावा आधी!"

पलीकडच्या वावरात सहा बाया वाकून कांदा खुरपत होत्या. सातवी काठी घेऊन नुसती उभी होती. हाक तिचीच. ताराबाई तिचं नाव. बिबट्याचा वावर वाढल्यापासून इकडे ही रीत पडली आहे. खुरपताना पाळीपाळीने एकीने उभं राहायचं, आणि तेही कामच धरायचं.

"वाकल्यालं माणूस त्येला शेळीवानी दिसतं," ताराबाई म्हणाली. "आन् तुमी उसाला पाठ लावून बसलाय."

मी रस्त्याकडे बोट दाखवलं. मोटारसायकल परत आली होती. ताराबाईने बायांना खूण केली, त्या खुरपी घेऊन उभ्या राहिल्या.

"कुणाचा रं तू? वस्ती कुठली?"

त्याने गाडी वळवली आणि गेला.

मग आग्रह सुरू झाला. ताराबाई दिराला बोलावणार, तो मला गाडीवर केडगावला सोडणार.

"नको," मी म्हटलं. "चालतच जाणार. नाहीतर घरचे पुन्हा बाहेर पडू देणार नाहीत."

ताराबाईने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुढच्या वस्तीवरच्या मैत्रिणीला फोन लावला. "सुमे, निळ्या टोपीवाली बाई येतीय, एकटी. नजर ठिव. पुलाच्या पुढं तुझ्या नणंदेला सांग." मग माझा नंबर घेतला, स्वतःचा दिला आणि पोचल्यावर कळवायला सांगितलं.

त्यानंतर थोड्या थोड्या अंतरावर कुठल्या ना कुठल्या वावरात एक बाई उभी दिसे. ती हात वर करी, मीही करी. कुणी अडवलं नाही, कुणी बरोबर आलं नाही. भीती होतीच, पण पाय भराभर पडत होते. दुपार टळता टळता केडगावच्या फलाटावर बसले आणि ताराबाईला फोन लावला.

"पोचले."

"ब्येस झालं." मग तिने विचारलं, "वाट कशी हाय वो?"

"अहो, तुमच्याच गावची वाट ना!"

"गाडीवर मागं बसून गेलीय. पायी, एकटी, कवाच न्हाई. कुणी जाऊच दिलं न्हाई."

मी सगळी वाट सांगितली. पूल, कालवा, पाणी कुठं मिळतं, कुठल्या वळणावर कुत्री आहेत. ती मधूनमधून "व्हय" म्हणत होती.

घरी आल्यावर नवऱ्याला मोटारसायकलवाल्याचंही सांगितलं, लपवलं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पुढच्या वेळी कुठे?" मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं अंग चोरून चालले याचा रागही आला.

आठवड्याने ताराबाईचा फोन आला. मागे रेल्वेची घोषणा चालू होती.

"ताई, केडगावात हाय. चालत आले."

"अहो, सांगायचं ना! मी आले असते सोबतीला."

"सोबत कशाला? तुमाला हुती का?"