कुत्र्याले बाधते ते मांस

"टायगरला घालू नकोस हं, बाधेल त्याला. तू घेऊन जा घरी. तुमच्यात चालतं ना मेलेलं?"

डॉक्टरसायब एका दमात बोलले. टायगर म्हनजे त्यायचा कुत्रा. आन मी त्यायच्या सशांचा गडी. यवतमाळात त्यायच्या बंगल्यामागं टिनाची शेड होती. सशाले पाला घालनं, लेंड्या काढनं, सुई टोचताना धरून ठेवनं, हे माझं काम. सायब घोड्याच्या रक्तातलं पिवळं पानी सशाले टोचत. पह्यल्या खेपेले काही होत नसे. फिरून फिरून टोचलं की जागा सुजे, काळी पडे. "परक्याशी लढता लढता अंग आपल्याच रक्तनळ्या सुजवतं," असं ते पाहुन्या डॉक्टरले सांगत. मानसाच्या अशाच दुखन्याचं मूळ शोधून राह्यलो म्हनत. मले पटे ते. काम चांगलंच होतं.

त्या दिवशी चिरफाड झालेला ससा फडक्यात बांधून त्यायनं माझ्यासमोर धरला. पाहुना डॉक्टर हासला. आन म्या घेतला. सांगाले लाज वाटते, पन घेतला. नोकरी जाईन याचं भेव. थू त्या भेवावर!

घरी मायनं फडकं सोडलं.

"काहून आनलं बाबू हे?"

"सायबानं देल्लं."

माझ्या मायनं जिंदगीभर गावची मेली ढोरं ओढली, तेच शिजवून आमाले वाढलं. छप्पन साली दीक्षा घेतली आन तिनं ते एका दिवसात सोडलं. त्या सांजेले घरात चिमूटभर पीठ नव्हतं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फडकं बांधलं, दाराबाहेर ठेवलं.

"आपन सोडलं होतं न रे?" येवढंच म्हनली.

म्या बाभळीखाली खड्डा खनून तो ससा पुरला. मायचं ते इचारनं काही पुरल्या गेलं नाही. आजही जेवाले बसलो की कानात येते.

आठ दिसांनी दुसरा मेला. माझ्या हातातून पाला खाये तो. मरताना एकदाच ओरडला. ससा सहसा ओरडत नाही हो! ते ओरडनं ज्यानं आयकलं त्याले सुटका नाही.

चिरफाड झाली. सायबानं फडकं पुढं केलं. म्या हात मागं बांधले.

"सायेब, तुमच्या कुत्र्याले बाधते, तर मले काहून नाही बाधत?"

सायबानं फडकं खाली आपटलं. मंग बोलले, "बौद्ध झाल्यापासून माजलात तुम्ही लोक. जिभेला हाड नाही राहिलं."

"जित्या सशांचं सारं करीन. म्हनाल तर मेलेला पुरीन बी. पन घरी नेनार नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

नाही गेलो. बाकीच्यायले पानी कोन पाजत असन, हे मनात कुरतडत राह्यलं. दोन महिने बाजारात कापसाच्या गाठोड्या उचलल्या, पाठ सोलून निघाली. पन तवापासून कोनी काही दयेनं देल्लं की पह्यले त्याच्या डोळ्यात पाहतो आन इचारतो, "तू खाशीन काय?" त्यानं नजर फिरवली की माझा हात पुढं होत नाही. मरेपर्यंत होनार नाही.