साक्षीतून गाळलेल्या गोळ्या

आमगावच्या आमच्या प्रार्थनाघरात रविवारी साक्ष देतात, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगतात. साक्षीत डॉक्टरचं नाव कुणी काढत नाही. मीही काढलं नाही. प्रार्थनेनं माझ्या फिट थांबल्या, एवढंच सांगितलं. गोंदियाच्या डॉक्टरच्या गोळ्या मी रोज घेत होते, आजही घेते. तेवढं सांगायला काय जीभ झिजली असती? पण टाळ्या वाजल्या आणि मला बरं वाटलं.

महिन्याभरानं, धान रोवायला जाणारी एक बाई प्रार्थनेनंतर माझा हात धरून रडायला लागली. "तुमची साक्ष आयकली अन् पोरीच्या गोळ्या बंद केल्या. काल तिले तीनदा फिट आली. माहाच विश्वास कमी पडून राहिला."

मी पर्समधली गोळ्यांची पट्टी काढून तिच्यापुढे धरली. म्हटलं, "मी अर्धंच सांगितलं होतं गं. ह्या मी रोज घेते. तिच्या गोळ्या आजच सुरू कर."

तिनं पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे पुसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुमचाही विश्वास डगमगला का बाई? तुमच्यासाठीही प्रार्थना करीन."