पुढच्या डाव्या चाकाची हवा

पहाटे साडेपाचला घर सोडायचं आणि आठच्या आत चौदा-पंधरा घरं उरकायची, हा तिचा नेम. एका प्रयोगशाळेसाठी ती घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. लहान मुलं तिला सुईवाली म्हणत. मग मोठ्यांनीही तेच नाव उचललं आणि तिनेही ते आपलंसं केलं. हात इतका हलका, की एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी कापसाचा बोळा दाबून धरत विचारलं होतं, "बांधून तर घेतलंस, आता टोचणार कधी?"

घरात माणसं तीन. ती, पाचवीत शिकणारी लेक आणि सासरे. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पांनी एका कारखान्याच्या साहेबांची गाडी पस्तीस वर्षं चालवली आणि कुठे ओरखडासुद्धा उठू दिला नाही. त्यांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, तीन वर्षांपूर्वी रस्त्यावर गेला. लांबच्या गावी कामाला निघाला होता. पुढचं डावं टायर फुटलं आणि गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. घरात त्या दिवसाबद्दल कोणी बोलत नसे. आप्पा तर बोलणंच विसरल्यासारखे झाले होते. दिवसभर खिडकीशी बसत आणि विचारलं तेवढंच उत्तर देत.

तिने जुनी, पांढरी, छोटी गाडी घेतली तेव्हा आप्पा तीन दिवस जेवणाच्या ताटावर बसले आणि तसेच उठले. बसने ही कामं होत नाहीत, नमुने वेळेत पोचले नाहीत तर फुकट जातात, हे तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. चौथ्या दिवशी ते जेवले. हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

दोन वर्षं गाडी बिनतक्रार चालली. यंदाचा उन्हाळा कडक लागला आणि गाडी डावीकडे ओढायला लागली.

आधी तिला वाटलं, रस्ताच तसा असेल. मग वाटलं, आपलेच हात दमलेत. एका सकाळी तिने वाटेवरच्या टायरवाल्या काकांकडे गाडी उभी केली. काकांनी हवा मोजली. तीन चाकांत अठ्ठावीस-एकोणतीस, आणि पुढच्या डाव्यात बावीस. त्यांनी दार उघडून चौकटीवर चिकटवलेला कागद तिला दाखवला. या गाडीला तेहतीस हवा लागते, ती सकाळी चाक गार असताना मोजायची, गाडी पळवून आल्यावर आकडा चढलेला दिसतो, त्यावर जायचं नाही. एवढं समजावून त्यांनी चाक पाण्याच्या टाकीत बुडवलं. एक बुडबुडा आला नाही. तरी त्यांनी वॉल्व्ह बदलला, चारही चाकांत तेहतीस भरली आणि पेनाएवढं एक मीटर तिच्या हातात ठेवलं. रोज बघत जा, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मोबाईलच्या उजेडात मीटर लावलं. अठ्ठावीस. तिने वाटेत हवा भरून घेतली. तिसऱ्या दिवशी सव्वीस. चौथ्या दिवशी पुन्हा सव्वीस. बाकीच्या चाकांतून दोन-तीन जायची, पण या एका चाकावर जसा कुणाचा डोळाच होता.

पाचव्या दिवशी काकांनी चाक पुन्हा पाण्यात घातलं, फिरवून फिरवून पाहिलं आणि हात पुसत उभे राहिले. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, तरी ते हळू आवाजात बोलले.

"ताई, हवा जात नाहीये. कुणीतरी काढतंय."

तिच्या मनात पाल चुकचुकली. बाई एकटी, पहाटे अंधारात बाहेर पडणारी, आणि तिच्या जाण्यायेण्याच्या वेळा सगळ्या इमारतीला पाठ. तळमजल्यावर एक भाडेकरू राहायचा. गाडी त्याच्या खिडकीसमोर लागते म्हणून मागे त्याने कुरकुर केली होती. सुईवालीने दोन दिवस त्याच्या दारावर नजर ठेवली आणि तिसऱ्या दिवशी जिन्यातच त्याला गाठून बोलली. तो बिचारा ऐकत राहिला. नंतर एवढंच म्हणाला, की वहिनी, हवा कुठून काढतात तेसुद्धा मला माहीत नाही. त्या दिवसापासून तो तिला पाहिलं की दार लावून घ्यायला लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं झालं खरं, पण तेव्हा तिला तो संन्यासी वाटला नव्हता.

घरी तिने आप्पांना सांगितलं. गाडीला कुणीतरी हात लावतंय, दिवसभर खिडकीत असता तर जरा लक्ष ठेवा. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "जास्त हवेपेक्षा कमी बरी असते."

त्याच आठवड्यात ते घडलं. त्या सकाळी घाईत हवा भरायची राहून गेली होती. शेवटचं घर उरकून ती नमुन्यांची पेटी मागच्या सीटवर ठेवून मोठ्या रस्त्याने निघाली होती. ऊन चढलं होतं. उड्डाणपुलाच्या उतारावर गाडीने एकदम डावीकडे हिसका दिला. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं तरी गाडी कठड्याकडे सरकत होती. मागून ट्रकचा भोंगा आला. तिने वेग हळूहळू कमी केला, जोरात ब्रेक दाबला नाही, तेवढं भान राहिलं. गाडी कडेला थांबली तेव्हा डावीकडचं दार आणि कठडा यांत हात जाईल इतकीही जागा नव्हती. ती आपल्या बाजूने उतरली आणि पुढून वळसा घालून चाकाशी वाकली. जळक्या रबराचा वास येत होता. चाकाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

काकांनी टायर रिमवरून उतरवलं, उलटं करून जमिनीवर आपटलं. आतून मूठभर काळी पूड पडली. टायरची आतली बाजू कुणी खरवडून काढल्यासारखी झाली होती, बोट फिरवलं तर दोरे लागत होते. हवा कमी असली की टायरची भिंत दर फेऱ्याला दुमडते, आत घासते, तापते. हवा जास्त होऊन टायर फुटलेलं त्यांनी क्वचितच पाहिलं होतं, कमी हवेने फुटलेली मात्र कितीतरी. हे टायर अजून दोन-तीन दिवस टिकलं असतं, फार तर. तिने नवं टायर बसवून घेतलं आणि जुनं डिकीत टाकलं. का, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी लेक अभ्यास करता करता सहज म्हणाली, की आजोबा रोज आपल्या गाडीला ताप आलाय का बघतात. म्हणजे काय, असं आईने विचारलं. लेकीने तळहात भिंतीला टेकवून दाखवलं. असा हात लावतात चाकाला, मग खाली बसतात.

 दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेतलं काम संपवून सुईवाली नेहमीसारखी आली, गाडी लावली, वर आली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. आप्पा चपला घालून जिना उतरले. गुडघे दुखतात म्हणून भाजी आणायलाही न जाणारा माणूस. त्यांनी एकेका चाकावर हात ठेवला. पुढच्या डाव्या चाकाशी ते जमिनीवर बसले, टोपण काढलं, खिशातली किल्ली वॉल्व्हमध्ये दाबली आणि कान जवळ नेला. हवा सुटताना त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते.

ती खाली गेली. पावलं ऐकूनही आप्पांनी किल्ली काढली नाही.

"आप्पा, काय करताय?"

"टायर तापलंय. हवा फुगलीये. काढायलाच पाहिजे." मग म्हणाले, "त्या दिवशी मीच भरली होती. तो अठ्ठावीस पुरे म्हणत होता. मी म्हटलं, लांब जायचंय, चढवून घे. माझ्या हाताने चौतीस केली. मी मारला त्याला."

तीन वर्षं हा माणूस खिडकीशी बसून हे गिळत होता, आणि ती त्याच्यासमोर जेवण ठेवून कामाला जात होती. तिला रडू आलं नाही. तिने त्यांच्या हातून किल्ली घेतली, डिकी उघडली आणि जुनं टायर त्यांच्यापुढे ठेवलं. कागदावरचा आकडा दाखवला, चौतीस म्हणजे जास्त नव्हतीच हे सांगितलं. त्याचं टायर कशाने गेलं ते आता कुणालाच कळणार नाही, पण तुमच्या त्या हवेने गेलं नाही. आप्पा ऐकत होते. त्यांनी टायरच्या आत बोटं घातली. पूड बोटांना लागली तशी ते ती बघत राहिले.

पस्तीस वर्षं गाडी हाकलेला माणूस. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही.

"हे काल निघालं?" त्यांनी विचारलं.

"काल."

"पोरगीही बसते ना या गाडीत?"

"रोज. शाळेत सोडते तिला."

आप्पा उठायला गेले आणि उठता आलं नाही. तिने एक दंड धरला. तळमजल्यावरचा भाडेकरू दार उघडून बाहेर आला, काही न विचारता त्याने दुसरा दंड धरला आणि दोघांनी मिळून त्यांना वर नेलं. तिने त्याची माफी मागितली. त्याने मान हलवली, पण बोलणं काही पूर्वीसारखं झालं नाही.

आठ दिवस आप्पा अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी तपासलं, शरीराला काही नाही म्हणाले. रक्त तिनेच काढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला शीर सापडायला तीन वेळा टोचावं लागलं. नवव्या दिवशी पहाटे ती निघायला खाली आली तर आप्पा गाडीजवळ उभे होते. मीटर मागत होते. नाही म्हणावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण हा माणूस पुन्हा त्या खिडकीशी बसला तर उठणार नाही, हेही तिला दिसत होतं. तिने मीटर दिलं.

तेव्हापासून रोज पहाटे हवा तेच मोजतात. चारही चाकांचा आकडा मोठ्याने सांगतात, तेहतीस, तेहतीस, तेहतीस, तेहतीस, आणि गाडी वळेपर्यंत फाटकात उभे राहतात. ती हात हलवते.

पहिल्या घराच्या अलीकडे एक बंद दुकान आहे. तिथे ती गाडी थांबवते, पर्समधून स्वतः विकत घेतलेलं दुसरं मीटर काढते आणि पुन्हा मोजते. बहुतेक दिवशी आकडा बरोबर असतो. कधी कधी पुढच्या डाव्या चाकात दोन कमी येतात. गारठ्याने असेल, मीटरमीटरचा फरक असेल, म्हाताऱ्या हाताने मीटर लावताना हवा निसटली असेल. तिने आप्पांना विचारलेलं नाही. मागच्या मंगळवारी चार कमी होती. तिने पुढच्या पंपावर भरून घेतली, आणि लेकीला त्या दिवसापासून शाळेच्या बसने पाठवायला सुरुवात केली. आप्पांना सांगितलं, वेळ जुळत नाही म्हणून.