अक्कांसाठी राखून ठेवलेल्या चुका

चुकीचं इंग्रजी वाक्य कानावर पडलं तर आपण ते सोडून देतो. इज-आर अक्कांना ते चपलेतल्या खड्यासारखं टोचत असे, आणि खडा काढल्याशिवाय त्या पुढचं पाऊल टाकत नसत. बेंगळुरूच्या जयनगरातल्या एका रिसेप्शनला सूट घातलेला निवेदक माइकवरून म्हणाला, "द ब्राइड अँड द ग्रूम इज ऑन द स्टेज." अक्का अहेराचं पाकीट घेऊन रांगेत उभ्या होत्या. रांग सोडून त्या तडक निवेदकापाशी गेल्या आणि त्याला कन्नडमधून समजावू लागल्या. त्याचा मराठी सारांश असा: "निदान पहिली काही वर्षं तरी 'आर' म्हण रे बाबा. लग्न लागलं म्हणून दोघं लगेच एक होत नाहीत." मग संध्याकाळभर तो निवेदक प्रत्येक क्रियापदाच्या आधी अक्का कुठे बसल्यात ते बघून घेत होता. जेवणाची वेळ झाली तेव्हा 'डिनर इज रेडी' हे साधं वाक्यसुद्धा त्याने इतक्या दबकत म्हटलं की लोकांना वाटलं जेवण संपलं.

अक्कांचं खरं नाव मला फार उशिरा, एका लग्नपत्रिकेवर वाचून कळलं. ती पत्रिका माझीच होती, पण ते पुढे येईल. त्या एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बेंगळुरूत येऊन राहिलेलं. मराठी जपून ठेवलेली, पण जपताना तिच्यात कन्नडही मुरलेली. दारात उभ्या माणसाला त्या "या, बसा, स्वल्प थांबा, चहा होतोय" असं एका दमात म्हणत. आपण बसायचं की थांबायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं.

मी त्यांच्याकडे गेलो तो एका आजारामुळे. मी नागपूरचा, आयटीतला. इंग्रजी मला येत होतं, फक्त त्यात माझे संस्कार आड येत होते. मोठ्या माणसाला एकवचनात बोलायचं नाही हे घरी इतकं पक्कं बिंबवलेलं की इंग्रजीतही माझी जीभ साहेबाला 'इज' लावायला धजत नसे. आमचे डायरेक्टर लंडनच्या क्लायंटकडे निघाले तेव्हा मी अदबीने मेल टाकला: अवर डायरेक्टर आर रीचिंग ऑन मंडे. दे आर व्हेजिटेरियन. क्लायंटने विमानतळावर मिनीबस पाठवली. तिच्यातून आमचे डायरेक्टर एकटेच उतरले. पुढे टेबलभर शाकाहारी जेवण मांडलेलं, आणि ते संपवायला हे एकटेच. परत आल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "वो मेल किसने लिखा था?" भाषा सुधारेपर्यंत क्लायंट-मीटिंगमध्ये मी तोंड उघडायचं नाही असं ठरलं. टीममधल्या एका बेंगळुरूच्याच मुलाने मला अक्कांचा पत्ता दिला. "हमारी पूरी क्लास उनसे डरती थी," हे त्याने शिफारस म्हणून सांगितलं.

अक्कांनी माझी दोन-चार वाक्यं ऐकली आणि निदान केलं. "तुम्हाला मानाचा रोग आहे. आपल्या सगळ्या माणसांना असतो. माझ्या वडिलांना तर कलेक्टरपुढे 'यू' म्हणायचीसुद्धा भीती वाटायची. हे बघा नागपूर," त्या मला शेवटपर्यंत नागपूरच म्हणाल्या, "इंग्रजीत मान क्रियापदात ठेवत नाहीत. तिथे मान द्यायचा असला की उठून उभे राहतात. राजा आला तरी इज, आणि त्याचा घोडा आला तरी इज."

"राजाला कसंतरी वाटत नाही?"

"राजाला सवय आहे. तुम्ही तुमचं बघा."

(हा लेख मराठीत असल्यामुळे अक्कांना मी इथे पोटभर बहुवचन देतो आहे. इथे त्यांचं काही चालत नाही.)

त्यांची शिकवण्याची रीत लग्नघरातली होती. वाक्य म्हणजे वरात. "वरातीत माणसं किती का असेनात, नवरदेव कोण ते आधी हेरायचं. क्रियापदाने हार त्याच्याच गळ्यात घालायचा." टेबलावर चकल्यांचा डबा असे. 'द बॉक्स ऑफ चकलीज' असं म्हणून त्या माझ्याकडे बघत. मी चकल्यांकडे बघत असे, त्यामुळे मी 'आर' म्हणत असे. "तुम्ही वऱ्हाड्यांच्या गळ्यात हार घालताय," असं म्हणून त्या झाकण लावून टाकत. उत्तर बरोबर आलं तर एक चकली. पहिला महिनाभर मला त्या डब्याचा फक्त वास मिळाला. पण भूक हा काय गुरू आहे हे तेव्हा कळलं. दुसऱ्या महिन्यात मी वरातीच्या कितीही गर्दीतून नवरदेव खेचून काढू लागलो आणि माझं वजन वाढू लागलं.

नेमकी तेव्हाच वृंदा येऊ लागली. वृंदा अक्कांची भाची. बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात इंजिनिअर, गिअरचे दाते एकमेकांत बसतात का हे तपासणं तिचं काम. रविवारी सकाळी ती अक्कांना डोशाचं पीठ आणून देई आणि चहा घेत आमचा क्लास बघत बसे. पहिल्याच दिवशी मी घाबरून, बरा झालेला रोग उलटून, "माय ग्रँडफादर आर अ फार्मर" असं म्हणून गेलो. ती हसली. नुसती हसली नाही, कपातला चहा बशीत, बशीतला टेबलावर असं हसली. मला घरीदारी, ऑफिसात, लंडनमध्ये पुष्कळ लोक हसले होते, पण पुन्हा हसावं असं कोणाच्या बाबतीत वाटलं नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात अक्कांनी जाहीर केलं, "सरी, ठीक आहे. तुमचं झालं, नागपूर. पुढच्या रविवारपासून नाही आलात तरी चालेल."

जयनगरात दर रविवारी सकाळी मी कोणत्या तोंडाने उगवणार होतो? ज्या घरात एक चूक घेऊन शिरलो, तिथे राहायला चुकाच लागणार, हा हिशेब मी तिथल्या तिथे केला. पुढच्या रविवारी मी हजर. "अक्का, परत बिघडलं," असं म्हणून वृंदाने चहाचा कप उचलायची वाट बघितली आणि म्हणालो, "आय इज व्हेरी वरीड."

वृंदा हसली. अक्कांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं. मला चकलीची तमा नव्हती.

मग मी शनिवारी खोलीत बसून चुकांचा रियाज करू लागलो. 'यू हॅज', 'दे वॉज', 'आय इज' अशी एकाहून एक बहारदार वाक्यं आरशापुढे म्हणून बघायची, त्यांतली सर्वांत हसरी निवडायची. पण जिभेला कारण कळत नाही, फक्त सवय कळते. सोमवारी क्लायंट-मीटिंगमध्ये कित्येक आठवड्यांनी मला बोलायची परवानगी मिळाली आणि मी खणखणीत आवाजात म्हणालो, "आय इज शेअरिंग माय स्क्रीन." मीटिंग संपल्यावर मॅनेजरने बाजूला घेतलं.

"क्लास जा रहे हो ना?"

"हर संडे, सर."

"बंद कर दो."

म्हणजे क्लास सोडला तर वृंदा जाणार आणि चालू ठेवला तर नोकरी. अशा पेचात मी पुढच्या रविवारी अक्कांकडे गेलो, आणि इतका कावराबावरा होतो की एकामागून एक तीन खोट्या चुका टाकून दिल्या. अक्कांनी डब्याला हात लावला नाही. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"नागपूर, मी आयुष्यभर चुका तपासल्या. आपल्या माणसाची चूक मी अंधारात ओळखते. आपला माणूस साहेबाला अनेकवचन देईल, आजोबांना देईल, दारात पोलीस आला तर त्यालाही देईल. पण 'आय इज' आपला माणूस म्हणत नाही. ही चूक आपल्यात होतच नाही. ती तुम्ही कुठून आणलीत?"

मी चकल्यांकडे बघू लागलो.

"आणि ही साथ फक्त वृंदा आली की येते. मागे एका रविवारी ती म्हैसूरला गेली होती. त्या दिवशी तुम्ही एक चूक केली नाहीत, उलट घड्याळ बघत होतात."

जमीन दुभंगली असती तर मी आत जाऊन बसलो असतो. वृंदाकडे बघायची हिंमत नव्हती. ती कप खाली ठेवत म्हणाली, "अक्का, तू त्यांनाच का बोलतेस? तुझ्या स्वयंपाकघरात ग्राइंडर आहे. मी तरी पीठ कशाला आणते?"

अक्कांनी आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहिलं. "तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या, "दोघांचं जमेपर्यंत मला रोज डोसे खायला लागले. डॉक्टर विचारतो, वजन का वाढलं म्हणून." आणि त्यांनी डबा उघडून अख्खा माझ्यापुढे सरकवला. त्याआधी तसं कधी झालं नव्हतं.

पुढचं काम अक्कांनी हातात घेतलं. नागपूरहून माझ्या वडिलांनी फोनवर हळूच विचारलं, "पण हे लोक नक्की मराठीच ना?" त्या म्हणाल्या, "तुमच्याइतकेच. स्वल्प लांब राहतो, एवढंच." वडिलांनी त्यातला कन्नड वळणाचा 'स्वल्प' ऐकला, त्यांना तो संस्कृत वाटला आणि ते एकदम खूश झाले. रिसेप्शनला निवेदक ठेवायचा नाही ही अक्कांची एकमेव अट होती.

लग्नानंतर वर्ष-दीड वर्षाने अक्कांच्या मुलाने विमानतळाजवळ देवनहळ्ळीला घर बांधलं आणि त्यांना तिकडे नेलं. जयनगरातल्या घराला कुलूप लागलं. शहराच्या एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला त्या, मध्ये सगळं बेंगळुरू हॉर्न वाजवत उभं. आम्ही त्यांना सुप्रभात पाठवत होतो, फुलं पाठवत होतो. उत्तर नाही. एकदा घाईत माझ्याकडून मेसेज गेला: माय मदर-इन-लॉ आर कमिंग टुडे. अर्ध्या मिनिटात फोन वाजला. "नागपूर, किती सासवा आहेत तुम्हाला?" आणि तिथून गप्पा तासभर चालल्या.

तेव्हापासून आमच्या घरात रविवारची चूक असते. नाश्ता झाला की वृंदा आणि मी डोकं लावून एक अस्सल, आपल्या माणसाची वाटेल अशी चूक तयार करतो. कधी शेजारच्या काकांना 'आर' लावतो, कधी आमच्या डायरेक्टरांना. मेसेज जातो आणि आम्ही फोन समोर ठेवून बसतो. अक्कांचा फोन आला नाही असं झालं नव्हतं.

एका रविवारी आला नाही.

"छोटी झाली असेल चूक," वृंदा म्हणाली. मी मोठी पाठवली. मग त्याहून मोठी. शेवटी तर मानाचा संबंध नसलेली, नुसती लाज आणणारी एक पाठवली. फोन गप्प. त्यांच्या मुलाचाही लागेना. वृंदाने चप्पल घातली, आणि विमानतळाकडे जाणारी बस पकडून आम्ही देवनहळ्ळी गाठलं.

अक्का व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, मुलाने फोन काढून घेतलेला, आणि औषधं आणायला तो स्वतः बाहेर गेलेला.

"कळवायचं नाही का, अक्का?" वृंदाने डोळे पुसत विचारलं.

"कळवलं असतं तर धावत आला असतात."

"आलोच की."

"तेच. मेसेज केला होतात का? वाचा बघू, काय चुकलं होतं."

मी फोन काढला. सकाळचा पहिला मेसेज उघडला आणि वाचला: "अवर नेबर इज अनवेल."

"यात काय चुकलं? बरोबर आहे."

मी पडद्याकडे पाहिलं. तिथे स्वच्छ 'आर' लिहिलेलं होतं. पुन्हा वाचायला गेलो, तोंडातून पुन्हा 'इज' आलं. तिसऱ्यांदा मी ओठ आवळून 'आ' केला आणि 'आ... इज' असं काहीतरी बाहेर पडलं. वृंदाचे डोळे अजून ओले होते, पण तिला जयनगरचं ते चहा सांडणारं हसू फुटलं.

"झालं," अक्का म्हणाल्या. "तुम्हाला आता चुकतासुद्धा येत नाही. बिघडवलं मी तुम्हाला."

"मग अक्का, आता आम्ही कारण काय काढायचं?" मी विचारलं. मला ते खरंच कळत नव्हतं.

त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. "चुका घेऊन आलात, पीठ घेऊन आलात. मी एकदा तरी कारण विचारलं का?" मग त्या आतल्या दिशेला हात करून म्हणाल्या, "स्वयंपाकघरात वरच्या फळीवर डबा आहे. मला दिसत नाहीये, तेव्हा किती खाल्ल्यात ते खरं सांगा."